वडिलांच्या १,८०० रुपयांत सहा माणसे, आमच्या १ लाख ४० हजारांत तिघे

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे वडील सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९८५ साली त्यांच्या हातात महिन्याला १,८०० रुपये येत. घरात सहा माणसे, तरी दरमहा १०० रुपये पोस्टाच्या आवर्ती ठेवीत पडत. त्यांची जमाखर्चाची वही आता तुमच्याकडे आहे. तुम्ही दोघे पुण्यात, पिंपळे सौदागरला राहता. दोघांचे मिळून हातात १ लाख ४० हजार येतात, घरात तीन माणसे, आणि महिनाअखेरीस उरतात जेमतेम दोन हजार. आई म्हणते, ‘तुम्हाला काटकसर म्हणजे काय तेच ठाऊक नाही.’ तुम्ही विचारता, आम्ही खरेच उधळे आहोत का, आणि हात आखडायचा तर कुठे?

घरांचे जमाखर्च तपासून त्यांना मार्गी लावून देणे हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे. वडिलांची वही आणि मुलाचे बँकेचे स्टेटमेंट शेजारी ठेवण्याची वेळ माझ्यावर अनेकदा येते. तुम्ही दोन्हींचे आकडे नीट दिलेत, त्यामुळे मोघम बोलावे लागणार नाही.

आधी दोन्ही पगार एका मापात आणू. महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर ठरतो, तो औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक १९८५ पासून आजपर्यंत जोडत आणला, तर किमती साधारण १५ ते १६ पट झालेल्या दिसतात. म्हणजे वडिलांचे १,८०० रुपये आजचे २८ हजारांच्या आसपास. तुमची मिळकत त्याच्या पाचपट आहे, आणि खाणारी तोंडे निम्मी. हा हिशेब केला की बहुतेक मुलांना अपराधी वाटते. पण थोडे थांबा, कारण हीच १५-१६ पट वहीतल्या एकेका ओळीला लावून बघितली की चित्र बदलते.

वहीत किराणा, धान्य, दूध, भाजी मिळून ९५० रुपये आहेत. साडेपंधराने गुणले की १४,७०० होतात. तुमचा हाच खर्च १७,००० आहे. माणशी बघितले तर तुम्ही दुपटीहून जास्त खर्च करता, पण त्यात रोजची फळे आहेत, मुलाचे दूध आहे, अंडी आहेत. त्या काळी फळे बहुधा घरात कोणी आजारी पडले की यायची. रोज ज्वारीची भाकरी, आणि पोळी सणाला किंवा पाहुणे आले की. ताटात झालेल्या या सुधारणेला मी उधळपट्टी म्हणणार नाही.

आता पुढची ओळ. घरभाडे १७५. गुणाकार केला की २,७०० होतात. पिंपळे सौदागरला २,७०० रुपयांत दोन खोल्या सोडा, दुचाकीला शेडही मिळणार नाही. चार भावंडांच्या शाळेचा खर्च ४०, त्याचे आजचे ६२०. तुमच्या एकाच मुलाचे शाळा आणि बस धरून महिन्याला १२,००० जातात. उलट दिशेचे उदाहरणही आहे. त्या काळी रंगीत टीव्ही घ्यायचा तर वडिलांचा चार-पाच महिन्यांचा पगार लागला असता. आज त्याहून चांगला टीव्ही तुमच्या चार दिवसांच्या मिळकतीत येतो. महागाई सगळ्या ओळींवर सारखी चढलेली नाही. धान्य आणि वस्तू मिळकतीच्या मानाने स्वस्त झाल्या. घर आणि शिक्षण कितीतरी पटींनी महागले.

देशभरातही हेच झाले आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने १९७२-७३ साली पाहणी केली तेव्हा शहरी कुटुंबाच्या खर्चातले ६४.५ टक्के खाण्यावर जात होते, ग्रामीण भागात जवळपास ७३ टक्के. १९८७-८८ मध्ये शहरी आकडा ५६ टक्क्यांवर आला. तुमच्या वडिलांच्या वहीत तो ५३ टक्के निघतो, म्हणजे ते काळाच्या बरोबर चालत होते. २०२२-२३ च्या पाहणीत शहरात ३९ टक्के आणि खेड्यात ४६ टक्के उरले. त्यातही धान्याचा वाटा बघण्यासारखा आहे. १९९९-२००० मध्ये शहरी घरे एकूण खर्चापैकी सुमारे १२ टक्के धान्यावर करत होती. २०२२-२३ मध्ये तो वाटा ४ टक्क्यांच्याही खाली आहे. ज्या खर्चावर आधीच्या पिढ्यांची सगळी काटकसर चालायची, तोच आता खर्चाच्या यादीत मागे गेला आहे.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. तुमची वही मी दोन भागांत मांडली. महिना उजाडायच्या आधीच ठरून गेलेले खर्च एकीकडे, आणि महिनाभरात हाताने कमीजास्त करता येतील असे दुसरीकडे. वडिलांच्या वहीत आधीच ठरलेले म्हणजे भाडे १७५, पोस्ट १००, शिक्षक सोसायटीचा हप्ता ११० आणि शाळा ४०. एकूण ४२५, पगाराच्या २४ टक्के. तुमच्याकडे घराचा हप्ता ४३,४००, गाडीचा हप्ता ११,०००, शाळा १२,०००, सोसायटीचा मेंटेनन्स ४,०००, वीज-मोबाइल-इंटरनेट ५,५००, विम्याचे हप्ते ६,०००. बेरीज ८१,९००, म्हणजे मिळकतीच्या ५८ टक्क्यांहून जास्त.

वडिलांच्या हातात पगाराचा तीन चतुर्थांश मोकळा होता. महिना ओढाताणीचा गेला की तूरडाळ बंद, मटकी आणि हुलगे चालू. आठवडी बाजारात उशिरा जायचे म्हणजे भाजी उतरलेल्या भावात मिळते. कापड दुकानाची उधारी पुढच्या महिन्यावर. त्यांच्या काटकसरीला रोज काम होते आणि रोज फळ मिळत होते. तुमच्या घरी तशीच काटकसर करायची ठरवली, तर ती ४२ टक्क्यांवरच चालेल, आणि त्यातलेही किराणा, पेट्रोल, औषधे फारशी हलणार नाहीत. आई म्हणते ती काटकसर खरी आहे, तिने संसार तारले आहेत. पण तुमच्या घरातला पैसा रोजच्या बाजारात ठरत नाही. तो ठरला तीन-चार सह्यांच्या वेळी: गृहकर्जाच्या कागदांवर, शाळेच्या प्रवेश अर्जावर, गाडीच्या करारावर. त्या दिवशी कोणी वही उघडली होती का, हे महत्त्वाचे.

मात्र या सह्या मौजेखातर झालेल्या नाहीत, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. वडिलांच्या पिढीतले कितीतरी नोकरदार निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या भविष्य निर्वाह निधीतून आणि ग्रॅच्युइटीतून घर बांधत. तोवर भाड्याचे घर, नाहीतर गावचे. घरासाठी कर्ज देणारी एचडीएफसी १९७७ साली सुरू झाली, पण नोकरदारांच्या सर्रास आवाक्यात गृहकर्ज आले ते २००० नंतर, व्याजदर उतरल्यावर. १९९० च्या दशकात ते १५ टक्क्यांच्या वर गेलेले मी पाहिले आहेत. कर्ज सोपे झाले तसे घर घ्यायचे वय अठ्ठावन्नवरून तिशीवर आले. ज्या खर्चाला पूर्वी आयुष्याच्या शेवटी एकदा तोंड द्यायचे, तो आता मूल लहान असताना, बढती मिळायच्या आधी उभा राहतो.

शाळेचेही तसेच. तुम्ही भावंडे जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शिकलात. तिथल्या शिक्षकांचे पगार सरकार देत होते, म्हणून वहीत शाळेपुढे ४० रुपये दिसतात. महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, आणि शिक्षणाचा खर्च घराच्या वहीत येऊ लागला. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय चालणाऱ्या शाळांचा कायदा झाला, तेव्हा तेच वळण शाळांपर्यंत पोचले. दरम्यान कुटुंबे लहान झाली. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, २.९ च्या आसपास होता, २०१९-२१ मध्ये १.७. मुले कमी, पण एकेका मुलावरचा खर्च कैक पटींनी वाढलेला.

आता त्या वहीत नसलेल्या गोष्टीबद्दल बोलतो, कारण अशा तुलनेत सगळ्यात जास्त अन्याय तिथे होतो.

१,८०० रुपयांत सहा माणसांचा संसार चालला, कारण तुमच्या आईचे काम वहीत कुठेच लिहिलेले नाही. वर्षाचे धान्य भरून ते निवडणे, ऊन देणे. उन्हाळ्यात शेवया, कुरडया, पापड. वर्षाचे तिखट. रेशनच्या दुकानापुढची रॉकेलची रांग. थोरल्याची चड्डी उसवून धाकट्याला शिवणे, जुन्या लुगड्यांची गोधडी. सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक, आणि पाहुणे आले की आणखी चार ताटे. या कामाला पगार नव्हता म्हणून वहीत ओळ नव्हती. तुमच्या खर्चात स्वयंपाकाच्या आणि धुण्याभांड्याच्या बाईंचे ८,००० आहेत, आणि बाहेरून मागवलेल्या जेवणाचे ९,०००. हे १७,००० म्हणजे बऱ्याच अंशी आईच्या त्या न लिहिलेल्या कामाचाच एक तुकडा, आता पैसे मोजून विकत घेतलेला. दुसरे असे की गावाकडून तांदूळ, ज्वारी, शेंगा येत असतील तर त्याही वहीत नसणार. आईला विचारा, त्या नक्की सांगतील.

म्हणून एक विनंती आहे. खर्च कमी करायचा म्हणून स्वयंपाकाच्या बाई बंद करून ते काम पत्नीवर टाकण्याचा विचार घरात चालू असेल, तर तो सोडा. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवताना दिसल्या, पुरुष ८८ मिनिटे. तुमच्या पत्नी नोकरी करून रात्री आठला घरी येतात असे तुम्हीच लिहिले आहे. त्यांची नोकरी टिकणे हा तुमच्या घरातला सगळ्यात मोठा आर्थिक आधार आहे, आणि बाईंचे ८,००० हा तो आधार टिकवण्याचा खर्च. बाहेरच्या ९,००० बद्दल मात्र बोलता येईल. २०२३-२४ च्या पाहणीत शहरी घरांच्या एकूण खर्चातले ११ टक्के पेये आणि तयार खाण्यावर गेले, खाण्याच्या यादीत सगळ्यात मोठी बाब तीच. दमलेल्या दिवशी ॲपवरून मागवण्याऐवजी जवळच्या पोळीभाजी केंद्रात आठवड्याचे तीन दिवस बांधून टाका. माझ्याकडे येणाऱ्या अनेक घरांत या एका बदलाने बाहेरचा खर्च निम्म्यावर आला, आणि कोणाच्या पोटाला किंवा वेळेला चिमटा बसला नाही.

आणखी एक ओळ वहीत नाही: म्हातारपण. वडिलांना पेन्शन आहे, म्हणून पोस्टातले १०० रुपये ही त्यांची वरची बचत होती. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी नोकरीत लागलेल्यांनासुद्धा ती जुनी पेन्शन आपोआप मिळाली नाही. तुम्ही तर खासगी नोकरीत. तुमचे म्हातारपण तुम्हालाच साठवायचे आहे. त्यामुळे ‘दोन हजार उरतात’ हे वाक्यही दुरुस्त करून घेऊ. तुमच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जातो, ती बचत. घराच्या हप्त्यात आज साधारण १०,००० रुपये मुद्दलात जातात, तीही बचतच, फक्त ती भिंतींत अडकलेली. तुमच्याकडे कमतरता आहे ती अडीअडचणीला हाताशी येणाऱ्या पैशाची. २०२२-२३ मध्ये देशातल्या घरांची निव्वळ वित्तीय बचत (पैशातली बचत, नवी कर्जे वजा करून) सकल राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आसपास घसरली, कित्येक दशकांतली नीचांकी. घर, गाडी यांची कर्जे वाढली की हेच होते, त्यामुळे तुमच्या घरी काही विपरीत घडते आहे असे समजू नका.

इथवरचा सार असा: तुमचा खर्च ताटात वाढलेला नाही, तो घर, शाळा, गाडी आणि विकत घेतलेला वेळ या चार ठिकाणी वाढला, आणि त्यातला बहुतेक आधीच सही करून ठरलेला आहे. म्हणून दुरुस्तीही तिथेच करायची.

पहिले काम गृहकर्ज. ५० लाख, २० वर्षे, तीन वर्षे झाली, आणि दर अजून ८.५ टक्के असे तुम्ही लिहिले आहे. २०२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या (बदलत राहणाऱ्या) दराची गृहकर्जे बाहेरच्या मानक दराशी जोडणे बंधनकारक आहे, म्हणून रेपोला जोडलेल्या कर्जांचे दर उतरले. तुमचा उतरला नाही, याचा अर्थ कर्ज बहुधा गृहवित्त कंपनीचे असावे, कारण त्यांना हे बंधन नाही. किंवा तुम्ही स्थिर दराचा करार केला असावा. मंजुरीपत्र काढून बघा. आधी आहे त्याच ठिकाणी लेखी अर्ज करून दर कमी करून मागा. थोडी फी घेऊन बरेचदा करून देतात. नाही दिला तर कर्ज दुसऱ्या बँकेत न्या; तरत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. नव्या बँकेची प्रक्रिया फी आणि गहाणाच्या नोंदणीचा खर्च तेवढा विचारून घ्या. दर ७.५ झाला तर उरलेल्या १७ वर्षांसाठी हप्ता सुमारे ४०,६०० होतो, म्हणजे महिन्याला पावणेतीन हजार मोकळे. भाजीवाल्याशी वर्षभर घासाघीस केली तरी एवढे सुटणार नाहीत.

दुसरे काम वार्षिक खर्चांचे. तुमच्या यादीत ‘सण, कपडे, प्रवास’ असे १०,००० एकत्र आहेत, पण प्रत्यक्षात ते जूनला आणि दिवाळीला एकदम येतात आणि क्रेडिट कार्डावर जातात, असे तुम्ही पुढे लिहिले आहे. शाळेची सत्राची फी, आरोग्यविमा, गाडीची सर्व्हिसिंग, आहेर, गावची जत्रा, सगळ्यांची वर्षाची बेरीज करून बारा भाग करा, आणि पगाराच्या दिवशी तेवढी रक्कम आवर्ती ठेवीत टाका. कार्डाची थकबाकी पुढे ढकलली तर वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज बसू शकते, आणि कुठल्याही घराला ते परवडत नाही.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. आईवडिलांच्या औषधांना तुम्ही ५,००० देता. वडिलांच्या पेन्शनमधून ते भागत असेल तर मोकळेपणाने बोला. त्यांना तुमच्याकडून घेण्यात आधार वाटत असेल तर देत राहा. गावच्या जमिनीचे काय होणार, पत्नीची नोकरी बदलीची आहे का, दुसऱ्या मुलाचा विचार आहे का, यावरही बरेच ठरते. शाळा बदलावी का असे तुम्ही विचारले आहे. तिसरीतल्या, रमलेल्या मुलाची शाळा केवळ पैशासाठी बदलायचा सल्ला मी देत नाही. मात्र तीच संस्था दरवर्षी फी किती वाढवते ते मागच्या पावत्यांवरून काढा, आणि तो दर तुमच्या पगारवाढीपेक्षा जास्त असेल तर पाचवीच्या वेळी जवळच्या चांगल्या अनुदानित शाळेचा विचार जरूर करा. पुण्यात अजून अशा शाळा आहेत, आणि त्यांतून निघालेली मुले कुठेही कमी पडलेली मी पाहिली नाहीत.

राहिला गाडीचा हप्ता. तो दीड वर्षात संपतो. संपला त्या महिन्यापासून ११,००० रुपये एक दिवसही हाती न घेता दुसरीकडे वळवायचे: पहिले एक वर्ष मुदत ठेवीत, म्हणजे दीड महिन्याच्या ठरलेल्या खर्चाइतका पैसा हाताशी राहील. त्यानंतर निम्मे म्हातारपणासाठी, निम्मे गृहकर्जाच्या मुद्दलात. शोरूमवाल्याचा ‘जुनी द्या, नवी घ्या’ असा फोन याच सुमारास येईल. त्यावर सही करण्याआधी तुम्ही दोघांनी ही यादी पुन्हा एकदा समोर घेऊन बसा, आणि ठरलेल्या खर्चाचा वाटा ५० टक्क्यांच्या खाली आला नसेल तर नकार कळवा.